गच्चीवरचा डेक : नियोजन, उभारणी आणि आनंद

घर ही सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी असते. मात्र ती एकदा केली म्हणजे संपली असे होत नाही. कुटुंब वाढते, मुले मोठी होतात, आईवडील थकतात आणि त्या त्या काळच्या गरजेनुसार घरातही बदल करावे लागतात. गृहसुधारणेसाठी कर्ज मागणारे अर्ज आमच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर नेहमीच येतात. पूर्वी त्यांत स्वयंपाकघराचा ओटा, फरशी, रंगकाम, पाण्याची टाकी अशी कामे असत. अलीकडे त्यांच्या जोडीला एक नवा शब्द दिसू लागला आहे. तो म्हणजे 'टेरेस डेक'.

गच्चीवर अथवा मोठ्या गॅलरीत लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्यांची बैठक तयार करण्याची ही कल्पना आहे. चित्रात ती फार मोहक दिसते. परंतु हे काम कसे करावे, किती खर्चाचे आहे आणि ते कोठे फसते, याची माहिती ग्राहकांना बहुधा नसते. मला स्वतःलाही ती नव्हती आणि त्या अज्ञानाची किंमत मी मोजली आहे. म्हणूनच या विषयाची क्रमवार मांडणी करावी, असे वाटले.

एका चुकीची गोष्ट

माझे माहेर वडोदऱ्याचे. गायकवाडांच्या काळापासून तेथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. घर जुने, दोन मजली. गच्चीवर गुजरातेत सर्रास आढळणारी पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक फरशी. ही फरशी ऊन परतवते आणि पाणीही अडवते. पण पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते.

बाबा निवृत्त शिक्षक. संध्याकाळचा चहा गच्चीवर घ्यायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. एका श्रावणात ते त्या शेवाळावरून घसरले. सुदैवाने मनगटावर निभावले, पण त्या दिवसापासून आईने त्यांचे गच्चीवर जाणे बंद केले. चार भिंतींत बसलेले बाबा पाहून मला राहवले नाही. पाय घसरणार नाही अशी बैठक त्यांना करून द्यायची, असे मी ठरवले.

मी एका कंत्राटदाराला बोलावले. त्याने कागदावर एकच ओळ लिहून दिली : 'डेकचे संपूर्ण काम, एकरकमी.' रक्कम माझ्या बचतीत बसत होती. काम चार दिवसांत पूर्ण झाले. बाबांनी सगळे फिरून पाहिले आणि विचारले, "दिसायला फार छान झाले आहे गं, पण खालचे पाणी जाते कुठे?" मी तो प्रश्न हसण्यावारी नेला.

त्याचे उत्तर पुढच्या वर्षभरात मिळाले. मे महिन्याच्या उन्हात फळ्या लांबल्या. त्यांच्यामध्ये फट ठेवलेली नसल्याने त्या मधोमध फुगून वर आल्या. जुलैमध्ये देवघराच्या छताला ओल दिसली आणि पाहता पाहता पोपडे गळू लागले. फळ्या उचलल्या तेव्हा कारण कळले. सांगाडा पक्का बसावा म्हणून मोझॅकमध्ये चाळीसहून अधिक छिद्रे पाडून बोल्ट मारले होते. पट्ट्या उताराला आडव्या टाकल्यामुळे पाणी जागोजागी अडले होते आणि पन्हळीचे तोंड पालापाचोळ्याने बुजले होते.

सगळे काढून पुन्हा करावे लागले. वॉटरप्रूफिंगचा, छताच्या दुरुस्तीचा आणि नव्या सांगाड्याचा असा तिहेरी खर्च आला. या वेळी बचत शिल्लक नव्हती, त्यामुळे कर्ज काढावे लागले. इतरांच्या अंदाजपत्रकांतील प्रत्येक रकाना तपासून पाहणाऱ्या मी, माझ्याच घराच्या कामाचा एका ओळीचा कागद न वाचता मान्य केला होता. पुढील सर्व विवेचन या धड्यातून आलेले आहे.

डेक ही कल्पना आली कोठून?

डेक हा मुळात उत्तर अमेरिकेतील घरांचा भाग आहे. तेथील बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्याची असतात. त्यांचे जोते जमिनीपासून उंच असते आणि मागे अंगण असते. घराच्या मागील दारातून थेट बाहेर येऊन बसता यावे म्हणून खांब व तुळया उभारून फळ्यांचा मंच बांधला जातो. तो घराच्या भिंतीला एका जाड आडव्या तुळईने जोडलेला असतो. हा जोड नुसत्या खिळ्यांवर सोडला किंवा तेथे पाणी मुरले, तर मंच कोसळण्याचा धोका असतो. म्हणून तेथील बांधकाम संहितेत या जोडासंबंधी बारकाईचे नियम आहेत.

या मंचासाठी दीर्घकाळ रसायनांनी मुरवलेले लाकूड वापरले जाई. त्यातील एका प्रमुख प्रकारात आर्सेनिक असे. २००३ च्या अखेरीस अमेरिकेत त्याचा निवासी वापर बहुतांशी थांबवण्यात आला. त्याच सुमारास लाकूड व प्लास्टिक यांच्या मिश्रणातून बनवलेल्या फळ्या लोकप्रिय होत होत्या. व्हर्जिनिया राज्यातील ट्रेक्स ही या क्षेत्रातील अग्रणी कंपनी १९९६ मध्ये स्थापन झाली. टाकाऊ प्लास्टिक आणि लाकडाचा भुसा यांतून टिकाऊ फळी बनवणे, ही तिची मध्यवर्ती कल्पना होती.

आपल्याकडे ही फळी आली, पण घर मात्र वेगळे होते. आपल्या घरावर काँक्रीटचा स्लॅब असतो. मंच उभा करण्याची गरज नसते, कारण भार पेलण्यास स्लॅब तयारच असतो. त्यामुळे आपल्या डेकचा प्रमुख प्रश्न मंच कोसळण्याचा नसून पाणी मुरण्याचा आहे. परदेशी चित्रे पाहून काम करणारे कारागीर नेमका हाच फरक विसरतात.

संमिश्र फळी कशाची बनते?

बाजारात या फळीला 'डब्ल्यूपीसी' म्हणतात. लाकडाचा बारीक भुसा आणि पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा पीव्हीसी यांपैकी एखादे प्लास्टिक हे तिचे मुख्य घटक होत. काही उत्पादक लाकडाच्या भुशाऐवजी भाताचे तूस किंवा बांबूची भुकटी वापरतात. याशिवाय रंग, उन्हापासून संरक्षण देणारी द्रव्ये आणि दोन्ही घटकांना धरून ठेवणारी द्रव्ये मिसळतात. हे मिश्रण तापवून साच्यातून ढकलले की फळी तयार होते.

खरेदी करताना दोन भेद लक्षात घ्यावेत. पहिला भेद पोकळ व भरीव फळीचा. पोकळ फळी हलकी व स्वस्त असते. भरीव फळी जड, महाग, पण अधिक दणकट असते. दुसरा भेद आवरणाचा. सुरुवातीच्या काळातील फळ्यांना आवरण नसे. त्यांतील भुसा ओल शोषी, बुरशी धरी आणि रंग लवकर उडे. पुढे फळीवर प्लास्टिकचे पातळ आवरण चढवण्याचे तंत्र आले आणि या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. उघड्या गच्चीसाठी आवरण असलेली फळी घेणेच श्रेयस्कर.

गुणांबरोबर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. या फळीला वाळवी सहसा लागत नाही, दरवर्षी पॉलिश करावे लागत नाही, पायात काटकूळ शिरत नाही. परंतु ती उन्हात लाकडापेक्षा अधिक तापते, विशेषतः गडद रंगाची. उष्णतेने तिची लांबी वाढते. सुमारे तीन मीटरची फळी तापमानातील चाळीस अंशांच्या फरकाने चारपाच मिलिमीटर लांबू शकते. शिवाय ती तुळई म्हणून वापरता येत नाही. तिला खालून जवळजवळ आधार द्यावाच लागतो.

आधी गच्ची, मग डेक

फळीचा रंग निवडण्यापूर्वी पुढील चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट उताराची. गच्चीला पन्हळीकडे साधारण शंभरास एक, म्हणजे एका मीटरमागे एक सेंटिमीटर उतार असावा. बादलीभर पाणी ओतून ते कोणत्या दिशेने वाहते आणि कोठे थांबते, हे स्वतः पाहावे. डबके साचत असेल तर आधी उतार दुरुस्त करावा. डेकखाली साचलेले पाणी नंतर दिसणारही नाही.

दुसरी गोष्ट वॉटरप्रूफिंगची. पन्हळीची तोंडे बंद करून गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवावे आणि खालच्या खोल्यांच्या छताचे निरीक्षण करावे. ओल दिसली तर दुरुस्ती आधी आणि डेक नंतर. हा क्रम उलटा केल्यास दुरुस्तीसाठी सगळा डेक उचलावा लागतो. मी तो उचलला आहे.

तिसरी गोष्ट भाराची. वावर असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो वापराचा भार गृहीत धरावा, असे भारतीय मानक ८७५ चा दुसरा भाग सांगतो. पोकळ फळ्यांचा डेक सांगाड्यासह साधारण २० ते ३० किलो प्रति चौरस मीटर भरतो. तो फारसा चिंतेचा नाही. खरी चिंता कुंड्यांची. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा थर दर चौरस मीटरला पाचशे किलोंच्या घरात जातो. डेकसोबत बगीचाही करायचा असेल, किंवा घर जुने असेल, तर संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा. त्याची फी ही या कामातील सर्वांत फायदेशीर गुंतवणूक होय. इमारत उंच असेल तर वाऱ्याने डेक उचलला जाणार नाही ना, हेही त्यालाच विचारावे.

चौथी गोष्ट कठड्याची. ही बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. डेकमुळे जमीन आठ-दहा सेंटिमीटर वर येते, म्हणजे कठडा तितकाच बुटका होतो. आमच्याकडे कठडा एक मीटर पाच सेंटिमीटर होता. डेकनंतर तो पंचाण्णव सेंटिमीटर उरला. उत्तरायणात, १४ जानेवारीला, वडोदऱ्यातील प्रत्येक गच्ची माणसांनी फुललेली असते आणि सर्वांच्या नजरा पतंगाबरोबर आकाशात असतात. अशा वेळी दहा सेंटिमीटरांना फार मोठे मोल असते. पहिल्या वर्षी माझा भाचा पेच लढवता लढवता कठड्याकडे मागे सरकत गेला. बाबांनी त्याचा सदरा धरून ओढले नसते तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो. नव्या कामात आम्ही कठड्यावर सर्वांत आधी स्टीलची नळी बसवली. डेक झाल्यावर कठड्याची उंची किमान एक मीटर राहिलीच पाहिजे. लहान मुले असतील तर त्याहून अधिक असावी.

सदनिकाधारकांसाठी एक सूचना. सामायिक गच्चीवर असे काम करता येत नाही. गच्ची किंवा गॅलरी आपल्या मालकीची असली तरी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि गळती झाल्यास जबाबदारी कोणाची, हे त्यातच स्पष्ट करून घ्यावे.

पाटीवरचे गणित

डेकचे मोजमाप फळीच्या मापावरून ठरवावे, म्हणजे तुकडे वाया जात नाहीत. एक उदाहरण घेऊ. समजा, फळी २.९ मीटर लांब, १४० मिलिमीटर रुंद व २५ मिलिमीटर जाड आहे. दोन फळ्यांत ५ मिलिमीटर फट ठेवायची आहे.

फळ्यांची लांबी कापून २.८ मीटर केली आणि अशा ३० फळ्या शेजारी शेजारी मांडल्या, तर फळ्यांची रुंदी ४,२०० मिलिमीटर आणि मधल्या २९ फटींची १४५ मिलिमीटर, असे एकूण ४,३४५ मिलिमीटर होतात. म्हणजेच २.८ मीटर गुणिले सुमारे ४.३५ मीटर, अर्थात साधारण १२ चौरस मीटर किंवा १३१ चौरस फुटांचा डेक तयार होतो. चार खुर्च्या, एक टेबल आणि शेजारी एक सतरंजी यांना ही जागा पुरेशी आहे. जोड कोठेही येत नाही आणि प्रत्येक फळीमागे केवळ दहा सेंटिमीटर तुकडा वाया जातो.

आता सांगाडा. फळ्यांना दर ३५ सेंटिमीटरवर आधार द्यायचा असे धरू. २.८ मीटरमध्ये असे आठ गाळे पडतात, म्हणून नऊ पट्ट्या लागतात. प्रत्येक पट्टी ४.३५ मीटर, म्हणजे एकूण सुमारे ३९ मीटर. प्रत्येक फटीत प्रत्येक पट्टीवर एक क्लिप, म्हणजे २९ गुणिले ९, एकूण २६१ क्लिपा. कडेच्या दोन फळ्यांसाठी वेगळ्या १८. पाच टक्के वाढीव धरून खरेदी करावी. आधारांतील अंतर किती ठेवायचे हे फळीचा उत्पादक सांगतो. ते अंतर वाढवून पट्ट्या वाचवणे म्हणजे पुढे झोल खाणारा डेक विकत घेणे होय.

हे गणित करायला अर्धा तास लागतो. पण ते केल्यावर कंत्राटदाराचे अंदाजपत्रक तुमच्याशी बोलू लागते. त्यात फळ्या तीसऐवजी चाळीस का, किंवा पट्ट्या नऊऐवजी सहाच का, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो.

उभारणीचे टप्पे

कामासाठी दिवाळीनंतरचे कोरडे महिने उत्तम. पावसाच्या तोंडावर काम काढू नये.

पहिला टप्पा सांगाड्याचा. तो अॅल्युमिनियमचा, जस्तलेपित लोखंडाचा किंवा संमिश्र पट्ट्यांचा असतो. गच्चीसाठी अॅल्युमिनियम महाग असले तरी गंजाची काळजी नसल्याने उजवे ठरते. स्लॅबमध्ये एकही छिद्र पाडू नये, ही सर्वांत महत्त्वाची अट. पट्ट्या एकमेकींना आडव्या जोडांनी बांधून एकसंध जाळी करावी आणि ती जाड रबरी गाद्यांवर किंवा उंची कमीजास्त करता येणाऱ्या पायांवर मोकळी ठेवावी.

दुसरा टप्पा पातळीचा. गच्चीचा उतार तसाच राहतो. फळ्यांची पातळी मात्र पायांची उंची बदलून साधावी लागते. पट्ट्या शक्यतो पाणी वाहण्याच्या दिशेने टाकाव्यात. आडव्या टाकाव्या लागल्यास गाद्यांमुळे त्यांच्याखाली पाण्याला मोकळी वाट राहिली पाहिजे.

तिसरा टप्पा फळ्यांचा. पहिली फळी सुतळी लावून अगदी सरळ बसवावी, कारण पुढच्या सर्व फळ्या तिच्या मागोमाग जातात. फळीच्या बाजूच्या खाचेत क्लिप बसते आणि फट आपोआप राखली जाते. भिंतीजवळ व कठड्याजवळ आठ-दहा मिलिमीटर जागा सोडावी. ही मोकळी जागा पाहून घरातली मंडळी "फट राहिली" म्हणून हळहळतात. पण उन्हाळ्यात फळीला श्वास घ्यायला तीच जागा लागते.

चौथा टप्पा झाकणाचा. पन्हळीच्या तोंडावरील फळ्यांचा एक चौकोन स्वतंत्र, सहज उचलता येईल असा ठेवावा. क्लिपांनी बांधलेली फळी मधूनच काढता येत नाही. त्यामुळे हे झाकण सुरुवातीलाच योजावे लागते. आमच्या पहिल्या डेकला ते नव्हते.

खर्च आणि त्याची तरतूद

एकरकमी आकडा कधीही मान्य करू नये. अंदाजपत्रकात निदान सहा बाबी स्वतंत्र असाव्यात : गच्चीची दुरुस्ती व वॉटरप्रूफिंग, सांगाडा, फळ्या, क्लिपा व कडेच्या पट्ट्या, मजुरी, आणि वाहतूक व कर. फळीचे नाव, जाडी, पोकळ की भरीव, आवरण आहे की नाही, हे लिहून घ्यावे. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी व शेवटचा हप्ता पाण्याची चाचणी झाल्यावरच द्यावा. पक्के बिल जपून ठेवावे. उत्पादकाची हमी सहसा त्याच्या सूचनांनुसार बसवलेल्या फळ्यांनाच लागू होते, हेही ध्यानात असावे.

पैशाची तरतूद तीन मार्गांनी होऊ शकते.

पहिला मार्ग बचतीचा. डेक ही तातडीची गरज नाही. दरमहा ५,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते वीस महिने चालवले तर एक लाख रुपये मुद्दल व त्यावरील व्याज हाती येते. येथे व्याज आपल्याला मिळते, आपण ते देत नाही.

दुसरा मार्ग गृहसुधारणा कर्जाचा किंवा चालू गृहकर्जावरील वाढीव कर्जाचा. त्यासाठी घराची कागदपत्रे व कामाचे अंदाजपत्रक लागते. उदाहरणादाखल, एक लाख रुपये वार्षिक १० टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३,२२७ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १६,१६२ रुपये होते. मुदत पाच वर्षे केली, तर हप्ता २,१२५ रुपयांपर्यंत उतरतो, परंतु एकूण व्याज सुमारे २७,४८२ रुपयांवर जाते. हप्ता हलका झाला म्हणजे कर्ज स्वस्त झाले असे नव्हे, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

तिसरा मार्ग वैयक्तिक कर्जाचा. ते लवकर मिळते, पण दर अधिक असतो. तेच एक लाख रुपये १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ३,४१८ रुपये व एकूण व्याज २३,००० रुपयांहून अधिक होते. हे दर केवळ हिशेबासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्ष दर शाखेतून जाणून घ्यावेत.

कर्ज घेताना ग्राहकांनी आपले दोन हक्क लक्षात ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी बँकेने मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्क धरून पडणारा वार्षिक दर दिलेला असतो. तोच कर्जाचा खरा दर. तसेच वैयक्तिक ग्राहकाने व्यवसायाखेरीज अन्य कारणासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या मुदत कर्जाची मुदतीपूर्वी परतफेड केल्यास बँक दंड आकारू शकत नाही.

आयकराबाबतही गैरसमज आढळतो. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती वा नूतनीकरणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. नव्या करपद्धतीत राहत्या घरासाठी ही वजावट नाही. आपले काम या व्याख्येत बसते का, हे सल्लागाराला विचारूनच गृहीत धरावे. केवळ करसवलत मिळते म्हणून कर्ज काढणे मात्र शहाणपणाचे नव्हे.

वापर आणि निगा

डेक झाल्यावर त्याची निगा सोपी आहे. आठवड्यातून एकदा झाडावे. महिन्यातून एकदा सौम्य साबणाचे पाणी व मऊ ब्रश यांनी फळीच्या लांबीच्या दिशेने घासावे. तारेचा ब्रश, लोखंडी खरवडणी आणि तीव्र रसायने टाळावीत. तेल, हळद किंवा चहा सांडल्यास लगेच पुसावे. कुंड्या थेट फळीवर न ठेवता पाय असलेल्या स्टँडवर ठेवाव्यात. रबरी पायपुसण्याखाली डाग पडू शकतात, म्हणून तेही टाळावे. खुर्च्यांच्या पायांना टोप्या लावाव्यात.

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीपूर्वी, पन्हळीवरील झाकण उचलून खालचा पाला व माती काढावी आणि पाण्याची बादली ओतून वाट मोकळी असल्याची खात्री करावी.

विस्तवापासून मात्र कटाक्षाने जपावे. या फळीत प्लास्टिक आहे. दिवाळीच्या पणत्या ताटात किंवा विटेवर ठेवाव्यात. फटाके, निखाऱ्यांची शेगडी व धुनी डेकवर नको. उन्हाळ्यात दुपारी अनवाणी जाऊ नये. शक्य असल्यास हलक्या रंगाची फळी घ्यावी आणि वर हिरवी जाळी किंवा मांडव करावा. उत्तरायणासारख्या प्रसंगी किती माणसे गच्चीवर येणार, याचाही यजमानाने विचार करावा.

समारोप

वरील सर्व विवेचनाचे सार थोडक्यात सांगायचे, तर डेकचे सौंदर्य फळ्यांत असते, पण त्याचे आयुष्य फळ्यांखाली असते. उतार, वॉटरप्रूफिंग, आधारांतील अंतर, सोडलेली फट या गोष्टी छायाचित्रात दिसत नाहीत आणि स्वस्त अंदाजपत्रकातून सर्वप्रथम त्याच गळतात. कर्जाचेही असेच आहे. मासिक हप्ता डोळ्यांसमोर असतो. एकूण व्याज, शुल्क आणि अटी कागदाच्या आतल्या पानांवर असतात. जो ग्राहक दोन्ही ठिकाणी खाली वाकून पाहतो, तो सहसा फसत नाही.

आमचा दुसरा डेक आता दोन पावसाळे पाहून उभा आहे. देवघराचे छत कोरडे आहे. ओल्या दिवसांतही पाय घसरत नसल्याने आईने आपली बंदी मागे घेतली आहे. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही धरायला नळी लावली आणि बाबा पुन्हा संध्याकाळी वर जाऊ लागले. गेल्या कोजागिरीला आम्ही सारे तेथे आटीव दूध घेऊन बसलो होतो. बाबांनी उठून कोपऱ्यातले झाकण उचलले, आत डोकावले आणि समाधानाने पुन्हा बसले. "पाणी जाते कुठे?" हा त्यांचा प्रश्न आता मी प्रत्येक अंदाजपत्रक वाचताना स्वतःला विचारते. वाचकांनीही आपल्या घराच्या कामाचा कागद मान्य करण्यापूर्वी तो एकदा विचारून पाहावा, एवढीच विनंती.